वीतभर फीत

महिपतीला हाक मारायची तर तीनदा मारावी लागे. पहिली हाक वाया गेली असं समजायचं. दुसरीला मान वर व्हायची, पण तोंड बंदच. तिसरी मारली की मग खणखणीत ओ यायची, जणू इतका वेळ मीच त्याला ताटकळत ठेवलं होतं. माझं शिंप्याचं दुकान आणि त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये फक्त फळ्यांची भिंत होती. त्याच्या तारा झाळण्याचा धूर फटींतून माझ्याकडे यायचा आणि माझ्या मशीनचा खडखडाट त्याच्याकडे जायचा. इतक्या जवळच्या माणसासाठी तीनदा घसा खरवडायचा म्हणजे माझं डोकं फिरायचं.

"बहिरा आहेस का रे?" मी विचारायचो.

"न्हाई. आमच्याकडची रीत हाय ती."

त्यांच्याकडे म्हणजे भाज्याला. मळवली स्टेशनावर उतरून चालत गेलं की भाजे, आणि त्याच्या वर डोंगरात लोहगडाच्या अंगाला वाड्या. पावसाळ्यात तिथे धुकं उतरलं की शेजारचं घर दिसत नाही. माणसं एकमेकांना हाकेवर शोधतात. पण महिपतीचं म्हणणं असं, की धुक्यातून हाक मारणारा दर वेळी माणूसच असतो असं नाही.

"मानूस तीन हाका मारतं. ते दुसरं जे काय असतंय ना, ते दोनच मारतं. तिसरी त्याला जमत न्हाई. म्हनून दोन सोडायच्या आन् तिसरीला ओ द्यायची."

"आणि दुसरीलाच दिली तर?"

"तर देनारा जातो त्याच्या मागं."

मी हसलो. म्हटलं, लोणावळ्याच्या भर बाजारात, दिवसाढवळ्या, कुठलं भूत तुला हाक मारायला येणार आहे? तो कानावरचा पेचकस काढत म्हणाला, "त्याचा रेडिओ बिघडला तर ईल की." थट्टेला थट्टा करायचा, पण ओ मात्र तिसऱ्या हाकेलाच द्यायचा.

घरची भातशेती भावावर सोपवून तो तळेगावला फौजेतून सुटलेल्या एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकला होता. ठेंगणा, काटक, बोलायला फटकळ. सकाळच्या गाडीने मळवलीहून यायचा, संध्याकाळच्या गाडीने परत. गिऱ्हाइकाने रेडिओ टेबलावर ठेवून "त्याचं काय झालंय, सांगतो—" असं सुरू केलं, की हा हात वर करायचा. "तुमी गप ऱ्हावा. त्याला बोलू द्या." मग खरखर, शिट्टी, गुरगुर, जे निघेल ते डोळे मिटून ऐकायचा. गिऱ्हाईक बिचारं पाहुण्यासारखं उभं.

लोणावळ्याची हवा माणसांना मानवते, यंत्रांना नाही. चार महिने सगळं ओलं. माझ्या कात्रीला रोज तेलाचं बोट लावावं लागे, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज. महिपतीने एका लाकडी खोक्यात मोठा बल्ब लावून ठेवला होता. त्यात तो ट्रान्झिस्टर शेकत ठेवायचा. त्यांच्या पोटातून काय काय निघायचं! बुरशी, झुरळं, मुंग्या. एका ग्रामोफोनमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं. एका आजींनी रेडिओवर कीर्तन लागतं म्हणून त्याला रोज हळदकुंकू वाहिलं होतं. ते आत झिरपून बटणं फिरेनाशी झाली होती. महिपतीने सगळं हळदकुंकू ब्रशने झाडलं, पुडीत बांधलं आणि आजींच्या हातात परत दिलं.

ही त्याची दुसरी रीत. दुरुस्तीत काढलेली कुठलीही वस्तू तो ठेवून घेत नसे. जळका व्हॉल्व्ह असो, तुटकी तार असो, कुजलेला सेल असो, कागदात बांधून गिऱ्हाइकाला परत. "ज्याचं त्याच्याकडं गेलं पायजे," एवढंच म्हणायचा. बरेच लोक ती पुडी त्याच्या पायरीवरूनच गटारात टाकायचे. त्याला त्याचं काही नसे. आपल्या हातून परत गेली ना, मग झालं.

सबंध आयुष्यात एकदाच त्याने परक्याची वस्तू ठेवून घेतली. त्याचीच ही गोष्ट.

माझ्या दुकानाच्या पायरीवर बाजाराच्या दिवशी भागूबाई बसायची. भाज्याच्या वरच्या वाडीतली, वाळलेल्या बोरासारखी म्हातारी. श्रावणात टाकळा, कुर्डू, चिचुर्डी अशा रानभाज्या घेऊन यायची. टोपली डोक्यावर घेऊन तिचा एकुलता मुलगा कोंडू सोबत यायचा. आईला पायरीवर बसवलं की हा महिपतीच्या दुकानात. तिथे कवच नसलेला एक ट्रान्झिस्टर कायम चालू असायचा, त्यासमोर उकिडवा बसून बाजारभाव ऐकायचा. कांद्याचा भाव पडला की हळहळायचा. घरात भाकरीबरोबर खायला कांदा नसायचा याच्या, पण हळहळ मात्र बागायतदाराची. महिपती त्याला "कोंडूशेट" म्हणायचा. तो लाजायचा आणि अजून जवळ सरकायचा. मला तो पोरगा फार आवडायचा.

साल अडुसष्ट असावं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी कोंडूची कालवड चरताना चुकली. पाऊस थांबला होता, पण धुकं असं होतं की लोणावळ्यात आम्ही दुपारी दिवे लावले होते. कोंडूने पावसाचं इरलं डोक्यावर घेतलं, काठी उचलली आणि कालवड शोधायला कड्याच्या बाजूला गेला. घरात भागूबाई आणि सून बाया, तिच्या कडेवर तान्हं पोर.

दिवस मावळायच्या आधी भागूबाई दारात उभी होती. धुक्यातून हाक आली, "आये!" आवाज कोंडूचाच. म्हातारी गप्प राहिली. पुन्हा आली, "आये!" ती तशीच उभी राहिली, तिसरीची वाट बघत. लहानपणापासून जे शिकली तेच तिने केलं. तिसरी हाक आलीच नाही. तेव्हा ती आत आली, दार लावून घेतलं आणि सुनेला म्हणाली, बाहेर काहीतरी फिरतंय, पोराला पदराआड घे.

दिवेलागणीला कालवड आपल्या पायांनी परत आली. कोंडू आला नाही.

सगळी वाडी आणि भाज्याची माणसं मिळून डोंगर पालथा घातला. महिपतीही दुकान बंद करून गेला होता. भागूबाईला हाका खिंडीकडून आल्यासारख्या वाटल्या होत्या, म्हणून सगळे खिंडीकडेच शोधत राहिले. धुक्यात आवाज कुठून येतो आणि कुठला वाटतो याचा काही भरवसा नसतो. काठी मिळाली नाही, इरलं मिळालं नाही. आठवडा उलटल्यावर वाडीतले जाणते म्हणाले, गवताचा पुतळा करू आणि क्रिया उरकून टाकू. भागूबाईने ते होऊ दिलं नाही.

ती पुन्हा माझ्या पायरीवर येऊन बसायला लागली. टोपली नाही, भाजी नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारायची, "मानूस किती हाका मारतं रं बाबा?"

लोक म्हणायचे, तीन.

"मंग दोन मारल्या, ते मानूस नसंल न्हवं?"

"नसेल, मावशी."

"आन् असला तर? त्योच असला आन् मी ओ दिली न्हाई, तर?"

मी शर्टाची बाही उलटी जोडायचो आणि उसवायचो. तिला कोंडू मेला की जिवंत आहे हे कुणी विचारलं तर ऐकूसुद्धा येत नसे. तिला एवढंच हवं होतं, की त्या हाका त्याच्या होत्या की नव्हत्या. शिजवलेलं अन्न तिने सोडलं होतं. बाया एकदा तिला न्यायला आली, तेव्हा ती पोर मला हळूच म्हणाली, "मामा, कपाळाला कुकू लावू का नगं, ते बी मला कुनी सांगंना." असं वाईट वाटलं मला. सासू बोलत नाही तोवर सुनेलाही मोकळीक नव्हती.

अशात मळवलीच्या एका बंगल्यात उतरलेले मुंबईचे एक साहेब महिपतीच्या दुकानात आले. हातात पेटीएवढा टेपरेकॉर्डर, सेलवर चालणारा. आमच्या बाजाराने तोवर असलं यंत्र पाहिलं नव्हतं. दोन चकऱ्या, एकीवरून दुसरीवर जाणारी तपकिरी फीत. साहेबांना आवाज गोळा करायचा नाद होता. पाखरं, पाऊस, बेडूक. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नव्हे.

"भाज्याच्या धबधब्याचा आवाज घेत होतो," ते म्हणाले. "यंत्र छत्रीखाली दगडावर ठेवलं आणि मी लेण्यात जाऊन बसलो. परत येऊन बघतो तर ओल शिरून बंद पडलेलं. काय भरलंय तेही ऐकता आलं नाही."

"कवाची गोष्ट?" महिपतीने विचारलं.

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. काय धुकं होतं!"

महिपती माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. गोकुळाष्टमीनंतर घेऊन जातो असं सांगून साहेब गेले.

यंत्र दोन दिवस बल्बच्या खोक्यात शेकलं. आतला रबरी पट्टा ओलीने सैल पडला होता. महिपतीने शिलाई मशीनचा एक बारीक पट्टा माझ्याकडून नेला, कापून बसवला. जुना पट्टा नेहमीसारखा पुडीत बांधला. त्या दुपारी धुकं बाजारात उतरलं होतं, समोरच्या वाण्याची पाटी दिसत नव्हती. मी काज करत होतो. पलीकडून पाण्याचा आवाज सुरू झाला. धो धो, एकसारखा. मला वाटलं, छप्पर गळायला लागलं की काय.

मग त्या पाण्याच्या मागून, लांबून, कुणीतरी म्हणालं, "आये!"

माझ्या हातातली सुई पडली. मी उठून पलीकडे गेलो. महिपती टेबलाच्या कडा धरून बसला होता. चकऱ्या फिरत होत्या.

"आये!"

कोंडू. पैज लावून सांगतो, कोंडूच. उंचावरून आलेली, पाण्यात अर्धी बुडालेली हाक. मग काहीतरी घरंगळल्यासारखं झालं, दगड असेल. मग नुसतं पाणी. किती वेळ नुसतं पाणी. मी "बंद कर" म्हणणार होतो, इतक्यात तिसरी आली.

ती लांबून आली नाही. यंत्राच्या अगदी जवळ, खालच्या अंगाला, जणू टेबलाखालून कुणी तोंड वर करून बोलावं तशी आली. ओरडणं नव्हतं त्यात. दमलेलं माणूस घरात शिरताना म्हणतं तसं, हलक्या आवाजात, "आये."

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. खोटं कशाला बोलू, पाहिलं मी.

महिपतीने बटण दाबलं. कोंडू वरून पडला, खाली पाण्यापाशी आला, तिथून त्याने तिसरी हाक मारली आणि मग ओढ्याने त्याला वाहून नेलं असणार. खालची हाक वर दारात उभ्या असलेल्या म्हातारीला कशी ऐकू जाणार? साहेब लेण्यात, धबधब्याचा आवाज कानात. त्या डोंगरात ती तिसरी हाक ऐकणारं फक्त हे यंत्र होतं.

"तिला सांगायला पाहिजे," मी म्हणालो.

"काय सांगू? त्योच हुता, त्यानं तीनदा बोलावलं, आन् तू दार लावून घेतलंस, असं सांगू? मरंल ती, नथू. हितंच पायरीवर मरंल."

मग तो म्हणाला, "तुजी कात्री दे."

मला वाटलं, याला दुसरं काही कापायचं असेल. त्याने फीत बोटांनी मागेपुढे सरकवली, कान लावून जागा हेरली आणि तिसरी हाक नेमकी कापून काढली. वीतभर फीत होती. उरलेली टोकं पातळ चिकटपट्टीने जोडली, नखाने घासली. पुन्हा लावलं. दोन हाका आणि मग पाणी, पाणी, पाणी.

"आता ऐकू दे तिला," तो म्हणाला. "मानसांचं तिला खरं वाटंना. यंत्राचं वाटंल. दोनच हाका हायत म्हनल्यावर सुटंल बिचारी."

वाईट मनाने केलं नाही त्याने. पण ती वीतभर फीत त्याला टाकवेना. हातात धरून तो दुकानभर फिरला. शेवटी पुडीत बांधून तपकिरीच्या रिकाम्या डबीत घातली आणि डबी फळीवर अगदी मागे सारली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "नथू, डबी वाजती रं."

"वाजते म्हणजे?"

"हाक न्हाई. नुसतं कुनीतरी बोलायच्या आदी दम घेतं ना, तसं."

मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार?

बाजाराच्या दिवशी भागूबाई आली. महिपतीने तिला आत बोलावून स्टुलावर बसवलं. मी दारात उभा राहिलो. त्याने तिला समजावलं, की त्या दिवशी त्या डोंगरात हे यंत्र ठेवलेलं होतं, त्याने जे ऐकलं तेच ते बोलणार, जास्त नाही, कमी नाही. हे शेवटचं म्हणताना तो बटणाकडे बघत होता.

पाणी सुरू झालं. म्हातारीने तळहात यंत्राच्या जाळीवर ठेवला. पहिली हाक आली तेव्हा ती हलली नाही. दुसरी आली, तिने डोळे मिटले. मग पाणी वाहत राहिलं. जोड कधी निघून गेला ते मला तरी कळलं नाही. बऱ्याच वेळाने महिपती म्हणाला, "बगितलंस मावशी? दोनच. कोंडू न्हवता त्यो."

तिने हात जाळीवरून काढला नाही. मग म्हणाली, "पुन्यांदा लाव."

त्याने लावलं. ती मान तिरकी करून ऐकत होती. हाकांकडे तिचं लक्षच नव्हतं. दुसऱ्या हाकेनंतर बऱ्याच वेळाने तिने एकदम जाळीवरचा हात उचलला.

"हितं पानी तुटलं."

"कुटं?" महिपती म्हणाला. "काय न्हाई तुटलं."

"त्या पान्याच्या वर माजा जलम गेला. ते असं मधीच ठेच खात न्हाई. हितं कायतरी हुतं. तू काडलंस."

आपल्या कामात कुणी खोट काढली तर भांडायला उठणारा महिपती जमिनीकडे बघत राहिला.

भागूबाई उठली. त्याच्यासमोर जाऊन तिने हात पसरला. रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "तू कुनाची वस्तू ठिवून घेत न्हाईस म्हन्त्यात. मंग माजी का ठिवलीस?"

महिपतीच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्याने फळीवरून डबी काढली, पुडी सोडली. ती वीतभर फीत त्याने तिच्या तळहातावर ठेवली, आणि तिथूनच परत उचलून जागच्या जागी जोडली. चिकटपट्टी मी धरली.

पुन्हा पाणी. पुन्हा पहिली हाक, दुसरी हाक, दगड घरंगळला. दुकानात धुकं भरलं होतं, बल्बभोवती त्याचं कडं झालं होतं.

"आये."

तीच हाक. जवळून, खालून, दमलेली.

"ओ!" भागूबाई म्हणाली. "ओ रं माज्या राजा! हाय मी, हितंच हाय. आले, आले रं." आणि पदर तोंडावर घेऊन ती अशी रडली, की रस्त्यावरची माणसं थांबली. इतके दिवस अडकलेलं सगळं बाहेर पडलं. मीही रडलो. शिंपी झालो म्हणून काय झालं?

रडणं थांबल्यावर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यो पान्याच्या मागं हाय. हाक पान्याच्या मागनं आली. चला."

महिपतीने दुकानाला कडी घातली, मी माझ्या. मिळाली त्या गाडीने मळवलीला उतरलो. भाज्यातून चार माणसं घेतली. धबधब्याच्या एका अंगाला कडा आत गेलेला आहे, तिथे पाण्याच्या पडद्यामागे एक कपार आहे. पावसाळ्यात तिकडे कुणी जात नाही. दोराला धरून महिपतीच पहिला आत शिरला. आतून त्याने आम्हाला हाक मारली नाही, नुसता दोर हलवला.

कोंडू तिथे बसलेला होता. एक पाय मोडून दुमडलेला, डोक्यावर इरलं तसंच, पाठ दगडाला टेकलेली आणि तोंड वर वाडीच्या दिशेला. किती वेळ बसला असेल, ते मी कधी मनात आणत नाही.

आम्ही नको म्हणत असताना भागूबाई आत गेली. त्याच्या इरल्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लय उशीर झाला रं मला." त्या संध्याकाळी वाडीने त्याला रीतीप्रमाणे निरोप दिला. बायाने कुंकू पुसलं. भागूबाई रात्री सुनेच्या हातची पेज प्याली, असं मला नंतर कळलं.

गोकुळाष्टमी झाली. साहेब यायच्या दिवशी महिपती सकाळी मला म्हणाला, "नथू, जरा ये. एकट्यानं लावायला नगं वाटतंय." फितीत हाका तशाच ठेवून साहेबांना द्यायची की सगळं सांगायचं, हे ठरवायचं होतं. त्याने बटण दाबलं. पाणी सुरू झालं.

पहिल्या हाकेची जागा आली. पाणी.

दुसरीची आली. पाणी. दगडसुद्धा घरंगळला नाही.

वीतभर तुकड्याची दोन्ही टोकं माझ्या डोळ्यांसमोरून सरकली, चिकटपट्टी मी स्वतः पाहिली. आतून तिसरी हाक यायला हवी होती. पाणीच आलं. मी म्हटलं, तुझ्या हातून आवाज भरायचं लाल बटण दाबलं गेलं असेल, पुसलं असेल. तो म्हणाला, "पुसलं असतं तर पानी बी गेलं नसतं का?" आम्ही फीत पहिल्यापासून लावली, शेवटापासून लावली, चकऱ्या उलटसुलट केल्या. धबधब्याशिवाय त्यात काही नव्हतं.

महिपती खुर्चीत मागे टेकला. "ओ मिळाली त्याला," तो म्हणाला. "मंग कशाला हाक मारंल?"

साहेब आले, ऐकून खूश झाले. "वा! नुसतं पाणी, मधे एक आवाज नाही," असं म्हणाले. महिपतीने त्यांना जुन्या पट्ट्याची पुडी दिली. ती त्यांनी खिशात घातली, टाकली नाही.

त्यानंतर महिपती बदलला. बाजारात कुणाला समजू नये इतकाच, पण मला शेजारी बसून कळायचं. कुणी हाक मारली की पहिल्याच हाकेला ओ द्यायला लागला. हातात झाळायची तापलेली कांडी असो, तोंडात घास असो, हाक अर्धी असतानाच ओ. मी म्हणायचो, "काय रे, तुमची रीत कुठे गेली?" तो म्हणायचा, "कुनाला तिसरी मारायला जमंल न जमंल, कुनी सांगावं?" भाज्याची माणसं त्याला रागवायची. बायको म्हणायची, धुक्यात तरी तोंड आवरा. त्याने कुणाचं ऐकलं नाही.

दोन-तीन वर्षांनी असाच श्रावण होता. भागूबाई त्या उन्हाळ्यात गेली होती. दुपारी बाजारात धुकं शिरलं, बल्ब लावून मी एका कोटाला अस्तर घालत होतो. पलीकडे सगळे रेडिओ बंद होते. तेवढ्यात फळ्यांच्या भिंतीमागून महिपतीचा आवाज आला. "ओ! आलो, आलो."

खुर्ची सरकली. तो बाहेर पायरीवर आला, धुक्यात इकडेतिकडे पाहिलं, मग माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"काय रं नथू? कशाला हाक मारलीस?"

मी हाक मारली नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पेचकस त्याच्या हातात तसाच होता आणि एक पाय पायरीवरून खाली, रस्त्याकडे टाकलेला होता.

"हो, मीच मारली," मी म्हणालो. "आत ये. बस. चहा टाकतो."

तो आत येऊन बसला. मी दार लावून घेतलं, आणि धुकं निवळेपर्यंत त्याच्याशी एकसारखा बोलत राहिलो.